आरसा स्थिर होता

१

अपघात झाला तेव्हा दुपारचे पावणेबारा वाजले होते, आणि चाचणी विभागातल्या साठ माणसांचं जेवण रस्त्यावर सांडलं होतं.

लमदुआन रोज त्याच वेळी कँटीनमधून निघायची. मोटरसायकलला जोडलेल्या बाजूगाडीत भाताचं पातेलं, माशाच्या आंबट कालवणाची हंडी आणि वर पालेभाजीची टोपली. कारखान्याच्या आतल्या चौकात दहाचाकी ट्रक थांबला होता, इंजिन चालू ठेवून. ट्रक थांबलाय हे बघून लमदुआन त्याच्या डाव्या अंगानं पुढं आली, आणि नेमका तेव्हाच ट्रक डावीकडे वळला. खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. रायोंग शहरातल्या इस्पितळात पोचली तेव्हा ती बेशुद्ध होती.

ट्रक चालवत होते बुनसोंग. वय अठ्ठावन्न, ट्रकवर एकतीस वर्षं गेलेली. आजवर त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. पोलिसांना त्यांनी एकच सांगितलं, "आरशात काही दिसलं नाही. आरसा उकळत होता."

हवालदारानं लिहून घेतलं, 'आरशात पाहिले नाही.'

खरं तर आरशात न दिसल्याची तक्रार करायला जगात याहून वाईट जागा सापडली नसती. कारखाना आरशांचाच होता. त्या ट्रकचा डावा आरसा ही त्यांची पाच वर्षांची मेहनत होती. मोठ्या गाडीचं इंजिन उभ्या जागी घरघरतं तेव्हा आरशाची काच थरथरते आणि मागची गाडी, माणूस, सगळं फिसकटून जातं. या आरशात काचेमागे बारीक यंत्रं बसवली होती. काच एका दिशेला हलली की ती तिला उलट दिशेला ढकलत, आणि काच जागच्या जागी थांबे. थरथर किती उरली याची नोंद यंत्र स्वतःच ठेवत असे. पाचच्या खाली आकडा म्हणजे डोळ्याला काच स्थिर.

अपघाताच्या मिनिटाची नोंद पोलिसांनी मागवली. आकडा होता चार.

आरसा स्थिर होता. बुनसोंग खोटं बोलत होते, निदान कागद तरी तसंच म्हणत होता. शुक्रवारी प्रकरण सरकारी वकिलाकडे जाणार होतं.

२

बुधवारी सकाळी विमा कंपनीची तपासनीस वनिदा कारखान्याच्या गावी, प्लुआक देंगला, पोचली. बावन्न वर्षांची, बुटकी, नेहमी घोट्याएवढ्या बुटात. बावीस वर्षं तिनं अपघात झालेल्या गाड्याच पाहिल्या होत्या. पोलीस निरीक्षक तिला ओळखत होते आणि थोडे वचकूनही होते.

"सरळ केस आहे हो," ते म्हणाले. "म्हातारा बेसावध होता. तुम्ही सही करा आणि दुपारच्या आत बँकॉकला परत जा."

"जाईन की. आधी म्हाताऱ्याला भेटते."

बुनसोंग जामिनावर सुटून खोलीवर आले होते. चाळीसारख्या ओळीतली शेवटची खोली. बाहेर बाकावर ते नुसते बसले होते. समोर बायकोनं ठेवलेला चिकट भात तसाच पडला होता, वर माश्या.

"पी बुनसोंग," वनिदानं थोरल्या भावाला हाक मारावी तशी हाक मारली आणि शेजारी बसली. "आरसा उकळत होता म्हणजे काय होत होतं?"

"पातेल्यात पाणी उकळायला लागलं की तळाचं नाणं दिसतं का तुम्हाला? तसं. मागं रस्ता आहे एवढं कळत होतं. रस्त्यावर कोण आहे ते नाही."

"यंत्र तर म्हणतं काच स्थिर होती."

"यंत्राला गाडी चालवायची नव्हती."

वनिदाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "असं किती दिवस होत होतं?"

"तीन आठवडे झाले असतील. गाडी पळायला लागली की जरा बरं. उभी राहिली की उकळायचा. रोज सांगत होतो."

वनिदानं पिशवीतून चालकाचे रोजचे तक्ते काढले. मार्चच्या एक तारखेपासून सव्वीसपर्यंत. 'डावा आरसा' या रकान्यात गोल, सुबक अक्षरात रोज एकच शब्द होता: ठीक. खाली बुनसोंगची वाकडीतिकडी सही.

बुनसोंगनी कागद बघितले, मग उजवा हात पुढं केला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. "जॅक निसटला होता, फार वर्षांपूर्वी. सही कशीबशी करतो. बाकीचं चाचणी विभागातली जिंतना लिहिते. मी तोंडी सांगतो."

"आणि तिनं काय लिहिलंय ते वाचत नाही?"

"पोरगी चांगली आहे. वाचायचं कशाला?"

वनिदानं तक्ते घडी घालून ठेवले. जाता जाता तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "आरशाला कुणी हात लावला होता? दुरुस्ती वगैरे?"

"मी लावला होता." बुनसोंग सहज म्हणाले. "पंधरा तारखेला. मागच्या कव्हरात मुंग्यांनी घर केलं होतं. कव्हर उघडलं, झाडलं, कोपरा तुटला होता तो पेटीतल्या झटपट गोंदानं चिकटवला."

वनिदा थांबली. "हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

३

म्हणजे आता आरोपीनंच आरसा उघडला होता, आणि त्याच्या पेटीत गोंदाची नळीही होती. निरीक्षकांना हे कळलं असतं तर शुक्रवारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. वनिदानं ते तूर्त स्वतःजवळच ठेवलं आणि कारखाना गाठला.

चाचणी विभागाचे प्रमुख विरोज यांनी तिला थंडगार खोलीत बसवलं, बर्फ घातलेली कॉफी मागवली. पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, अदबशीर. तीन वर्षांपूर्वी ते खरेदी विभागातून इथं आले होते आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"मी काही शास्त्रज्ञ नाही, पी वनिदा. माझं काम वेळेत माल दाखवणं. पाच तारखेला जपानी गिऱ्हाईक आलं, आकडा बघितला, खूश झालं. आता हा अपघात! माणूस म्हणून मला बुनसोंगचं वाईट वाटतं. पण आकड्याशी भांडता येतं का?"

"आकडा चुकू शकतो. थरथर मोजणारा सेन्सर बिघडू शकतो."

"बिघडला असं धरू. तरी आरसा कशाला बिघडेल? सेन्सर म्हणजे थर्मामीटर. ताप मोजतो, ताप चढवत नाही की उतरवत नाही. बुनसोंगना दिसलं नाही, कारण त्यांनी बघितलं नाही."

वनिदानं वहीत लिहिलं आणि कॉफी संपवली.

आरसा ज्यांच्या डोक्यातून निघाला ते डॉक्टर पकोन खालच्या प्रयोगशाळेत होते. चौतीस वर्षांचा, दाढी वाढलेला, दोन रात्री न झोपलेला माणूस. त्यांच्या टेबलावर शेवयांचा कागदी वाडगा सुकून गेला होता.

"माझ्यामुळं झालं असं तुम्ही म्हणणार असाल तर म्हणा," ते वनिदा बसायच्या आधीच म्हणाले. "मीही तेच म्हणतोय. पण कसं झालं ते मला कळत नाहीये."

"तुम्ही रोजचे आकडे बघत नव्हता?"

"पाच तारखेला पहाटेच मी गिऱ्हाइकांना आणायला विमानतळावर गेलो. त्यांच्याच गाडीतून दहाला इथं आलो आणि सहा तारखेला त्यांच्याबरोबर जपानला गेलो. परवा, पंचवीसला परतलो. तिकडे मला रोज एक आकडा यायचा. चार, चार, चार. गिऱ्हाईक येण्याआधी बारा होता. वाटलं, मी केलेला शेवटचा बदल लागू पडला." ते कडवट हसले. "आपलं यश कोण तपासून बघतो?"

"आकडा कोण पाठवायचं?"

"विरोज."

"आणि ते गोंद, तारा, चिकटवाचिकटवी कोण करतं?"

"जिंतना. तिच्यासारखा हात या कारखान्यांच्या पूर्ण पट्ट्यात नाही."

जिंतना सापडली ती भांडारात, मोकळ्या खोक्यांच्या मागे. एकोणतीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, नखं मुळापर्यंत कापलेली. वनिदानं तक्ते समोर ठेवले तशी ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "अक्षर माझं आहे."

"लुंग बुनसोंग तुला काय सांगायचे?" जिंतनाच्या तोंडी असेल तसं त्यांना 'काका' म्हणत वनिदानं विचारलं.

"ठीक म्हणायचे." आवाज एवढा बारीक होता की वनिदाला पुढं झुकावं लागलं.

"बरं. मला एक शिकव. सेन्सर कसा चिकटवतेस?"

हा प्रश्न जिंतनाला अपेक्षित नव्हता. तिचे खांदे जरा सैल झाले. "काच घासायची, पुसायची. पिवळा गोंद दोन भागांत कालवायचा. रात्रभर तसाच ठेवायचा. खाली पेन्सिलीनं तारीख टाकायची. तो घाईत चिकटवायचा नसतो, पी. तो आरशाचा डोळा आहे. त्याला दिसेल त्यावरच मागची यंत्रं ढकलतात. डोळा तिरळा झाला तर सगळंच गेलं."

वनिदानं तेही लिहिलं. मग वही उलटून विरोजचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि उठली.

दारातून जिंतनानं हाक मारली. "लमदुआन मावशी शुद्धीवर आल्या का?"

"अजून नाही."

जिंतनानं तोंड फिरवलं.

४

संध्याकाळी वनिदानं नोंदींचा पूर्ण गठ्ठा मागितला. विरोजनी अहवाल दिला होता तो एका पानाचा. तिला हवी होती यंत्राची कच्ची नोंद, आणि ती पकोननी काही न विचारता छापून दिली.

प्रत्येक चाचणीचे दोन भाग होते. आधी दहा सेकंद यंत्रणा बंद, नुसती काच. मग यंत्रणा चालू. त्यामुळं दर ओळीत दोन आकडे होते: बंद आणि चालू. अहवालात फक्त दुसरा जायचा, कारण गिऱ्हाइकाला तोच हवा असे.

खानावळीत भाताची थाळी बाजूला सारून ती ओळीमागून ओळ बघत गेली. जानेवारी: बंद चाळीस, चालू तेरा. फेब्रुवारी: बंद एकोणचाळीस, चालू बारा. पाच मार्च, सकाळी आठ दहा: बंद अडतीस, चालू बारा.

पाच मार्च, नऊ चाळीस: बंद तीन, चालू चार.

त्यानंतर सव्वीस तारखेपर्यंत रोज तेच. तीन आणि चार. तीन आणि चार.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. यंत्रणा बंद असतानाही काच स्थिर? इंजिन तेच, ट्रक तोच, आणि दीड तासात कुणीही काही न करता अडतीसचे तीन झाले? मग यंत्रणा कशासाठी हवी होती? आणि चालू केली की तीनचे चार. मदत सुरू झाली की थरथर वाढत होती. आकडे दोन्ही पाचच्या खाली, म्हणून कुणी वळून बघितलं नव्हतं.

बुनसोंगनी मुंग्या झाडल्या त्या पंधरा तारखेला. हे झालं होतं पाच तारखेला, आठ दहा ते नऊ चाळीसच्या मधे. म्हातारा सुटला, निदान तिच्या मनात तरी.

गुरुवारी सकाळी तिनं निरीक्षकांना पोलीस आवारात बोलावलं. ट्रक जप्त होऊन तिथंच उभा होता. तिनं वीस पावलं मागं एका खुर्चीवर वर्तमानपत्राचा मोठा मथळा टेकवून ठेवला आणि निरीक्षकांना चालकाच्या जागी बसवलं.

"इंजिन सुरू करा. गाडी हलवू नका. डाव्या आरशात मथळा वाचा, अक्षरं उलटी असली तरी."

निरीक्षकांनी डोळे बारीक केले. "काहीतरी काळं काळं आहे."

वनिदानं यंत्रणेची कळ बंद केली. "आता?"

"आता... जरा बरं. 'पाणी' असं काहीतरी आहे." ते आरशाकडेच बघत राहिले. "हे उलटं कसं? बंद केल्यावर चांगलं दिसतं?"

"आणि नोंद काय म्हणते बघा."

लहानशा पडद्यावर आकडा होता तीन.

त्यांनी इंजिन बंद केलं. मग निरीक्षकांसमोर, फोटो काढत, वनिदानं काच सोडवून उलटी केली. बाहेरच्या कडेला पिवळ्या गोंदाची खरवडलेली खूण होती; शेजारी पेन्सिलीनं जुनी तारीख, जिंतनाच्या गोल अक्षरात. तिथं सेन्सर नव्हता. सेन्सर होता काचेच्या मध्याशी, ज्या गोळ्यावर काच फिरते त्या गोळ्याला अगदी चिकटून, पलीकडच्या बाजूला. खाली पारदर्शक झटपट गोंद. तारीख नाही. उरलेली तार गुंडाळून कोंबलेली.

"लहानपणी सीसॉवर बसला होता का?" वनिदानं विचारलं.

"बसलो होतो."

"टोकाला बसलं की केवढं वरखाली. मधल्या खुंटाला टेकून बसलं तर?"

"काहीच नाही," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बदलला. "काच टोकाला नाचते, मधे नाही. ज्यानं हा मधे चिकटवला त्यानं आकडाच मारला."

"त्याहून वाईट केलं. तो खुंटाच्या पलीकडे बसवला. सीसॉची एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी कुठं जाते?"

"खाली."

"म्हणजे याला सगळं उलटं दिसत होतं. काच पुढं येते तेव्हा हा सांगायचा, मागं चाललीय. मग यंत्रं तिला आणखी पुढं ढकलायची. थांबवायला बसवलेले हात एकवीस दिवस काच हलवत होते. आणि हाच डोळा कागदावर लिहीत होता, सगळं स्थिर आहे."

निरीक्षकांनी वाकून पारदर्शक गोंद न्याहाळला. शेवटी म्हणाले, "पण झटपट गोंद तर म्हाताऱ्याच्या पेटीतही आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विरोजनी. आज सकाळी फोन केला होता."

५

वनिदा तडक भांडारात गेली. या वेळी ती खुर्चीवर बसली नाही.

"जिंतना, सेन्सर मधे आहे. झटपट गोंदानं चिकटवलाय. तू चिकटवलेला नाही हे मला दिसतंय, पण उद्या लुंग बुनसोंगवर खटला जाणार आहे आणि त्यांच्या बाजूनं एकही कागद नाही. तू लिहिलेला प्रत्येक कागद त्यांच्या विरुद्ध आहे."

जिंतना जमिनीवर बसली.

"मी बघितलं होतं, पी. बंदचा आकडाही तीन. सहा तारखेलाच बघितलं. विरोज साहेबांना जाऊन म्हणाले, सेन्सर सुटला असणार, उघडून बघते. ते म्हणाले, गिऱ्हाइकानं पास केलाय, डॉक्टर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग लुंग रोज सांगायला लागले. साहेब म्हणाले, त्यांचे डोळे झालेत जुने. यंत्र ठीक म्हणतंय तर ठीक लिही."

"आणि तू लिहिलंस."

"लिहिलं." तिनं फोन काढला. "लुंग लिहीत नाहीत. मी समोर नसले की ते फोनवर बोलून ठेवतात. मी ते निरोप पुसले नाहीत. का ते माहीत नाही, पण पुसले नाहीत."

अकरा निरोप होते. वनिदानं पहिला लावला. खोक्यांच्या त्या कोंदट खोलीत बुनसोंगचा घोगरा आवाज आला. "पोरी, डावा आरसा उकळतोय गं. लिही बरं का." पुढचा, चार दिवसांनंतरचा: "जिंतना, जेवलीस का? आरसा अजून तसाच आहे. डॉक्टरला सांग." शेवटचा सव्वीस तारखेचा, सकाळी आठचा. "आज उन्हानं डोकं फिरलंय. आरसा काल होता त्याहून वाईट. जपून चालवतो. तू लिही."

जिंतनानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता.

"हे सगळे निरीक्षकांना पाठव," वनिदा म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. आणि दुपारी तीनला प्रयोगशाळेत ये."

६

तीन वाजता तिनं तिघांना एकेक करून आत बोलावलं. टेबलावर तसल्याच दुसऱ्या आरशाची सुटी काच पालथी ठेवली होती. ट्रकवरची काच उघडल्याचं निरीक्षक आणि जिंतनाखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि जिंतनानं तोंड उघडलं नव्हतं. निरीक्षक कोपऱ्यात बसून चहा पीत होते.

प्रश्न एकच होता. "समजा, गिऱ्हाइकाला कमी आकडा दाखवायचाय. आरसा बिघडू द्यायचा नाही. सेन्सर कुठं सरकवाल?"

पकोन पहिले आले. त्यांनी तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "कुठंच नाही. सेन्सर हलला की आरसाही बिघडला. दोन्ही एकच आहेत. हे मी सगळ्यांना शंभरदा सांगितलंय."

जिंतनानं नुसती मान हलवली. "अशी जागाच नाही, पी."

विरोज शेवटी आले. त्यांनी काच ओढून घेतली, जरा विचार केला. हुशार माणसाला कोडं घातलं की तो सोडवल्याशिवाय राहत नाही, आणि विरोज हुशार होते. त्यांचं बोट काचेच्या कडेपासून मध्याकडे सरकलं. गोळ्याशी अडलं. या बाजूला तारा होत्या, म्हणून त्यांनी ते पलीकडे टेकवलं.

"इथं. मधे थरथर नसतेच. आकडा कमी दिसेल आणि आरशाला पत्ताही लागणार नाही."

निरीक्षकांनी कप खाली ठेवला.

वनिदानं पिशवीतून सकाळचा फोटो काढून त्यांच्या बोटाशेजारी ठेवला. जागा तीच होती, केसाचाही फरक नव्हता.

"हे ज्यानं केलं," ती शांतपणे म्हणाली, "त्याला सेन्सर म्हणजे थर्मामीटर वाटत होता. डॉक्टरांना तसं वाटणं शक्य नाही, आरसा त्यांचाच. जिंतनाला शक्य नाही. ती त्याला डोळा म्हणते. त्या दोघांपैकी कुणाच्या मनात फसवणूक असती तर आकडा फसवून आरसा धड ठेवायची आणखी सोपी युक्ती त्यांना ठाऊक होती: कागदावरचा आकडा बदलायचा. पाच तारखेला सकाळी डॉक्टर गिऱ्हाइकांच्या गाडीत होते. आणि पी बुनसोंगना आज मी विचारलं, त्या दिवशी आठ ते साडेनऊ ट्रक कुणाकडे होता. ते म्हणाले, साहेब स्वतः आले, म्हणाले, तुम्ही नाश्ता करून या, गाडी मी धुऊन घेतो. साहेबाच्या चांगुलपणाचं त्यांना एवढं कौतुक वाटलं की संशय शिवलासुद्धा नाही."

विरोजनी बोट काचेवरून उचललं नव्हतं.

"डॉक्टरच एकदा चेष्टेत म्हणाले होते," ते अखेर बोलले. "मीटिंगमध्ये. की मधे चिकटवला तर शून्यसुद्धा दाखवेल. सगळे हसले होते. आरसा चांगलाच चालत होता, पी वनिदा. खरंच चालत होता. बारा होता आकडा, गिऱ्हाइकाला पाच हवा होता. ते तेवढ्यासाठी परत गेले असते तर विभाग बंद झाला असता. मला वाटलं, मी फक्त आकडा हलवतोय. डॉक्टर परत आले की जागेवर ठेवू."

"आणि बुनसोंग रोज सांगत होते ते?"

"मला वाटलं..." ते थांबले. "मला खरंच वाटलं की त्यांचे डोळे गेले."

"आज सकाळी निरीक्षकांना गोंदाबद्दल फोन केलात तेव्हाही तसंच वाटत होतं?"

निरीक्षक उठले, त्यांनी शर्ट नीट केला आणि दार उघडून धरलं.

७

शुक्रवारी सरकारी वकिलाकडे गेलं ते वेगळंच प्रकरण. बुनसोंगचं नाव आरोपींच्या रकान्यातून निघालं. त्याच दिवशी दुपारी लमदुआन शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा तिनं विचारलं की हंडी फुटली का.

शनिवारी वनिदा परत निघण्याआधी इस्पितळात गेली. बुनसोंग बाहेर झाडाखाली उभे होते. हातात संत्र्यांची पिशवी. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"आत का जात नाही?"

"तुमच्या अहवालात काय लिहिलंय?"

"चूक आरशाची. चालक निर्दोष."

"ते बरोबर नाही." त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आरसा वाईट आहे हे मला माहीत होतं. तीन आठवडे माहीत होतं. रोज सांगितलं म्हणजे माझं काम झालं असं वाटायचं. त्या दिवशी खाली उतरून बघता आलं असतं. नाही बघितलं. ऊन होतं. हे लिहा."

वनिदाला बावीस वर्षांत शेकडो चालक भेटले होते. 'माझी चूक नाही' हे वाक्य तिनं त्या सगळ्यांकडून ऐकलं होतं. तिनं वही काढली, त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिलं, आणि वाचून दाखवलं. बुनसोंगनी सही केली.

"यानं तुमच्यावर काही येणार नाही," ती म्हणाली.

"येण्याचं मी बोलतच नाहीये."

दोघं आत गेले. लमदुआनचं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, पाय वर टांगलेला, एका हातात सलाइनची सुई. बुनसोंग खाटेपाशी जाऊन हात जोडून उभे राहिले.

लमदुआननं त्यांच्याकडे एका डोळ्यानं बघितलं. दुसरा सुजलेला होता.

"मी हॉर्न द्यायला हवा होता," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात म्हणून मला वाटलं, मला वाट देताय."

"मला तू दिसलीच नाहीस गं."

"कळलं मला. जिंतना सकाळी येऊन रडून गेली. तुमचा आरशाचा डॉक्टर कालच रडून गेला. आता तुम्हीही रडणार असाल तर बाहेर जाऊन रडा. इथं नर्स ओरडते." तिनं पिशवीकडे हात केला. "संत्री आहेत ना ती? सोला मग. मला एका हातानं जमत नाही."

बुनसोंग खुर्चीवर बसले. उरलेल्या बोटांनी ते हळूहळू संत्रं सोलू लागले, एकेक फोड तिच्या तळहातावर ठेवत. वनिदानं दार लोटून घेतलं आणि बँकॉकच्या गाडीसाठी फाटकाकडे चालू लागली.